ऐकू येईल अशी प्रार्थना

जगदेवीनं प्रार्थनेत डोळे उघडले. उघडायचे नव्हते. प्रार्थनेत डोळे उघडणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात डोकावणं, असं तिची सासू म्हणायची, आणि सून होऊन आल्यापासून जगदेवीनं ते पाळलं होतं. पण खालच्या रस्त्यावर ट्यूशनहून सुटलेल्या पोरांपैकी कुणीतरी मोटरसायकलचा हॉर्न असा कर्कश वाजवला की डोळे आपोआप उघडले, आणि उघडले ते नेमके समोरच्या टीपॉयवर. तिथं पवित्र शास्त्राच्या काळ्या पुस्तकाशेजारी, घडी घातलेल्या रुमालावर, शांतवनचं कानातलं मशीन पडलं होतं. सोललेल्या वालाएवढं, अंगाच्या रंगाचं. त्याचं बॅटरीचं झाकणही उघडं होतं, म्हणजे ते चुकून गळून पडलेलं नव्हतं. बंद करून, नीट ठेवलेलं होतं. शांतवन तिच्या शेजारी दिवाणावर हात जोडून बसला होता. डोळे मिटलेले, चेहरा तृप्त, आणि ओठांतल्या ओठांत नेहमीचं 'होय प्रभू, होय प्रभू'. जगदेवी त्या वेळी सुनेवर सकाळी उगाच चिडल्याबद्दल क्षमा मागत होती, आणि 'माझी जीभ सापासारखी झाली' या वाक्यावर नवऱ्यानं मोठ्या भक्तिभावानं मान डोलावली. तिची जीभ पुढं चालत राहिली, मन मात्र तिथंच, त्या रुमालावर बसून राहिलं. शेवटी सवयीप्रमाणं तिनं हात मांडीवरून खाली दिवाणावर टेकवला, दिवाण जरासा हलला, आणि शांतवन म्हणाला, "आमेन." अगदी वेळेवर. जन्मभर कीर्तनं केलेला माणूस. समेवर यायला त्याला ऐकावं लागत नव्हतं.

मग त्यानं मशीन उचललं, झाकण लावलं, कानात बसवलं आणि म्हणाला, "सूनबाईला आज उशीर हाय का?" जगदेवी "हाव" म्हणाली आणि आत गेली. ओट्यापाशी उभी राहून तिनं नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. सकाळीच पाळकसाहेबांचा फोन येऊन गेला होता. शनिवारी चर्चमध्ये लग्न ठरलेल्या जोडप्यांचा वर्ग आहे. बुवांनी आणि तुम्ही येऊन पोरांना सांगावं, संसार टिकतो कशानं. जगदेवीला त्यात अवघड काही वाटलं नव्हतं. हा प्रश्न तिला पूर्वीही लोकांनी विचारला होता आणि तिचं उत्तर ठरलेलं होतं: एकमेकांना ऐकू येईल अशी प्रार्थना करावी. एवढंच. आता हातावरून पाणी वाहत होतं आणि ते वाक्य तिच्या तोंडात भाकरीतल्या खड्यासारखं आलं होतं. कधीपासून काढतोय हा मशीन? कालपासून? की लातूरला आल्यापासून? आणि तसं असेल तर गेल्या महिन्यात, मनावर दगड ठेवून, ती जे बोलली होती ते कुणी ऐकलं?

देवानं ऐकलं, हे तर होतंच. तिचा तेवढा विश्वास होता. पण तिच्या संसारात देव एकटा कधी ऐकत नसे. ती लग्न होऊन मुखेडकडच्या खेड्यातून नांदेडला आली, तेव्हा सासूनं, महामायाबाईंनी, पहिल्याच संध्याकाळी दोघांना कंदिलापुढं बसवलं होतं. ठेंगणी, काळी, कपाळ मोकळं, आवाज मात्र घंटेसारखा. म्हणाल्या, "हे बघ पोरी, माझं लेकरू गुणाचं हाय पण मुकं हाय. कीर्तनाला उभं ऱ्हायलं की गावाला रडवतं, घरात आलं की तोंडाला कुलूप. तुला काही बोलायचं असलं तर ह्याला बोलू नको, ह्याला ऐकू जाईल असं देवाला बोल. तो मधी बसतो. मधल्या माणसासमोर कुणी आडवं बोलत न्हाई." जगदेवीला तेव्हा हसू आलं होतं. तिच्या माहेरी प्रार्थना म्हणजे वडिलांनी म्हणायची आणि बाकीच्यांनी पेंगायची. पण महिना झाला नसेल, शांतवन हिमायतनगरकडचं एक कीर्तन आटपून आला तो चौघा पाहुण्यांना घेऊन, न सांगता, आणि डब्यात पीठ जेमतेम दोघांपुरतं. पाहुणे जेवून गेले. ती आणि सासू पाणी पिऊन निजल्या. दुसऱ्या दिवशी कंदिलापुढं तिनं डोळे मिटले आणि तिचं तिलाच नवल वाटलं, शब्द कसे झरझर आले. "प्रभू, तू पाच भाकरीत हजारो जेवू घातले. मला ते जमत न्हाई. पाहुणे आणायच्या आदी घरी निरोप धाडावा एवढी बुद्धी तू कुणाला तरी दे." मग शांतवनची पाळी. तो घसा खाकरून म्हणाला, "प्रभू, त्या दोघी बहिणींपैकी एक तुझ्या पायाशी बसली अन् दुसरी चुलीपाशी कुरकुरत राहिली. बसलेलीचंच बरोबर, असं तू कुरकुरणारीला म्हणालास त्याची आठवण कुणाला तरी दे." आणि जगदेवीनं, आपली पाळी संपलेली असताना, पुन्हा तोंड उघडलं, "प्रभू, ती चुलीपाशी नसती तर तू त्या दिवशी उपाशी उठला असतास, हे बी तुला म्हाईत हाय." महामायाबाई खूप वेळ आमेन म्हणाल्याच नाहीत. त्यांचे खांदे हलत होते. पुढं शांतवन पाहुणे आणायच्या आधी निरोप धाडू लागला. कधी एसटीच्या कंडक्टरबरोबर, कधी भाजीवाल्याबरोबर.

तसा संसार रांगत रांगत उभा राहिला. शांतवन पाणीपुरवठ्यात फिटर होता. दिवसभर नदीकाठच्या पंपांच्या घरघराटात, आणि शनिवार-रविवार कीर्तनं. अंगात पांढरा सदरा, गळ्यात उपरणं, हातात चिपळ्या. तो पूर्वरंगाला उभा राहिला की त्याचा तो खालच्या पट्टीतला आवाज पहिल्यांदा जमिनीवर हात फिरवल्यासारखा फिरायचा, माणसं कुठं कुठं बसलीत ते चाचपून बघायचा, आणि मग एकदम वर उचलायचा, झाडाच्या शेंड्यावरचं पाखरू उडावं तसा. जगदेवी बायकांत बसून ऐकायची आणि तिला वाटायचं, हा माणूस आपला आहे आणि आपला नाहीसुद्धा. घरी मात्र तो गप्प. पण घरात काहीतरी होत राहायचं. तिनं संध्याकाळी देवाला सांगावं की वाकून वाकून डबे काढताना कंबर जाते, आणि रविवारी भिंतीला फळी दिसावी. तिनं सांगावं की बाहेरच्या नळावर बायकांची तोंडं फार चालतात, आणि पगार झाल्यावर नळाची तोटी मोरीत यावी. ती त्याच संध्याकाळी देवाचे आभार मानायची. मनापासून. शांतवन शेजारी बसून म्हणायचा, "होय प्रभू."

आणि मग त्यांची मुलगी गेली. थोरल्या मुलाच्या, दयानंदच्या पाठची. नुकती भिंतीला धरून चालू लागली होती. तो दिवस जगदेवीनं पुढं कधी सलग आठवला नाही. तो तिला तुकड्यातुकड्यांनीच भेटायचा, कधी ओल्या फडक्याच्या वासात, कधी कुणाच्या तरी लेकराच्या तापलेल्या कपाळात. ताप चढला तेव्हा शांतवन माहूरच्या बाजूला एका वाडीवर कीर्तनाला होता. निरोप गेला, पण शेवटची गाडी निघून गेली होती. तो आला तेव्हा घरात माणसं बसलेली होती. मातीआड करून आल्यावर कितीतरी दिवस घरात प्रार्थना झालीच नाही. सासूनं एकदा आपणहून बसवलं. शांतवननं काही म्हटलं नाही. जगदेवीची पाळी आली आणि ती म्हणाली, "देवा, मला हा माणूस नको. ह्याच्या चिपळ्यांचा आवाज नको. तू माझं लेकरू न्हेलंस तवा हा तुझीच गाणी म्हणून राहिला होता. मला ह्याच्यापासून सोडव." कंदिलाची वात तडतडत होती. आणि शेजारून, त्याच्या त्या खालच्या, चाचपडणाऱ्या आवाजात शांतवन म्हणाला, "आमेन."

तो आमेन जगदेवीनं आयुष्यभर सांभाळला. लग्नात वचनं दिली होती, ती सगळ्यांनीच दिलेली असतात. पण आपल्या विरुद्ध केलेल्या प्रार्थनेला शेजारी बसून आमेन म्हणणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नव्हता. त्यानंतर वर्षभर त्यानं चिपळ्यांना हात लावला नाही. लोक बोलवायला यायचे, तो नको म्हणायचा. मग एक दिवस त्यानं बाजारातून टाळ आणले आणि काही न बोलता तिच्या पुढ्यात ठेवले. तिला लगेच कळलं. पुढं तो जिथं गेला तिथं ती गेली. त्याच्या मागं, उजव्या हाताला उभी राहून ध्रुपद उचलू लागली. त्यानं ओळ टाकायची, तिनं झेलायची. धर्माबादकडच्या एका गावात एक म्हातारी म्हणाली होती, "बुवा म्हणतेत ते कानाला गोड लागतंय, पण बाई म्हणते तवा पटतंय." शांतवन परतीच्या एसटीत ते आठवून कितीदा तरी हसला होता.

हे सगळं ऐकण्यावर उभं होतं. भिंतीत विटा असतात तसं ऐकणं. आणि आता वयानं आणि पंपांनी त्याचे कान नेले, नांदेडचं घर सोडून दोघं लातूरला दयानंदच्या फ्लॅटमध्ये आले, दयानंदनं बापाला मशीन घेऊन दिलं, आणि बाप प्रार्थनेच्या वेळी ते काढून रुमालावर ठेवतो. गेल्या महिन्यात जगदेवीनं देवाला सांगितलं होतं की लातूर चांगलं आहे, सून चांगली आहे, तक्रार नाही; पण मरण आलं तर मला नांदेडलाच मूठमाती मिळू दे, लेकराजवळ, त्या कोपऱ्यातल्या बाभळीखाली. ते बोलायला तिला किती दिवस लागले होते. बोलल्यावर शेजारून आमेन आला आणि तिला वाटलं, झालं, ठरलं. आता नळाखाली हात धरून उभी असताना तिला वाटत होतं, आपण ते सगळं एका बंद दारापुढं बोललो.

दुसऱ्या दिवशी तिनं परीक्षा पाहिली. हे पाप आहे की नाही याचा तिला नीट निकाल लागला नव्हता, पण पाहिली. शांतवननं रुमाल पसरला, मशीन ठेवलं, आणि तिनं तिच्या नेहमीच्या स्वरात सुरुवात केली. "दयाळू बापा, आजच्या दिवसाबद्दल तुझे आभार मानते. अन् माझ्याशेजारी जो माणूस बसलाय त्याच्या डोक्याला दोन शिंगं फुटू देत." "होय प्रभू," शांतवन म्हणाला. "म्हशीसारखी. वळणदार." "होय, होय," तो म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावर अशी काही कृतज्ञता पसरली की जगदेवीला हसू फुटलं, ते तिनं पदरात दाबलं, आणि दाबता दाबता त्याचं रडू झालं. सून ऋतुजा नेमकी तेव्हाच दार उघडून आत आली. "काय झालं मम्मी?" "काही न्हाई. आत्मा भरून आला," जगदेवी म्हणाली. ऋतुजानं चप्पल काढता काढता सासऱ्याकडं पाहिलं. तो अजून डोळे मिटून, दिवाण हलायची वाट बघत होता.

शनिवारी दुपारी ती दोघं रिक्षानं चर्चला गेली. चर्चच्या मागच्या खोलीत पंखे फिरत होते, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि फळ्यावर पाळकसाहेबांनी सुबक अक्षरात 'संवाद' असा शब्द लिहून त्याला चौकट केली होती. ते तरुण होते, नुकतेच बाप झालेले; डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं होती. जोडपी बसली होती, आपापल्या फोनसकट, आपापल्या संकोचासकट. "आता बुवा आणि जगदेवीबाई आपल्याला सांगतील," पाळकसाहेब म्हणाले, "की त्यांचा संसार इतकी वर्षं टिकला कशानं." शांतवन पुढच्या खुर्चीत बसला होता. मशीन कानात होतं. घराबाहेर ते नेहमी कानातच असायचं. जगदेवी उभी राहिली. तिला ते ठरलेलं वाक्य म्हणायचं होतं, आणि तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि तो अशा उत्सुकतेनं बघत होता, जसं काही त्यालाही ते पहिल्यांदाच ऐकायचं होतं. "आमी..." ती म्हणाली. "आमी रोज प्रार्थना करतो. मोठ्यानं." आणि थांबली.

मागच्या रांगेतली एक मुलगी, स्वप्नाली नावाची, बँकेत कामाला असलेली, हात वर करून म्हणाली, "आजी, पण मोठ्यानं प्रार्थना करायला लाज नाही वाटत? म्हणजे, याच्यासमोर?" आणि तिनं शेजारच्या पोराला कोपरानं ढोसलं. सगळे हसले. जगदेवीही हसली. "वाटते की. लाज वाटती म्हणून तर. लाज वाटायची ती गोष्ट पैल्यांदा बाहेर येते." "आणि त्यानं ऐकलंच नाही तर?" मुलगी म्हणाली. ती थट्टेतच म्हणाली होती. तो पोरगा फोनमध्ये बघत होता म्हणून. पण जगदेवीला टीपॉयवरचा तो रुमाल दिसला. पंख्याचा आवाज येत होता. पाळकसाहेबांनी खडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. आणि तेव्हा शांतवन उठला, खुर्चीची पाठ धरून, आणि काहीही प्रस्तावना न करता गाऊ लागला. त्याचं स्वतःचंच, कधीतरी नांदेडच्या घरात रचलेलं ध्रुपद.

दोघांमधी बसे तिसरा ।
त्याचा दोघांना आसरा ॥

आवाज फाटलेला होता. कान गेल्यापासून तो गात नव्हता, कारण स्वतःचा सूर त्याला सापडत नसे. आताही पट्टी घसरत होती; दुसऱ्या शब्दावर ती एकीकडं झुकली, तिसऱ्यावर दुसरीकडं. दोन पोरं एकमेकांकडं बघून ओठ दाबत होती. जगदेवीनं ते पाहिलं, आणि तिला रागही आला आणि दयाही, आणि त्या दोन्हींच्या आधी तिच्या गळ्यानं ओळ झेलली होती. त्याच्या पट्टीत. तो जिथं घसरला होता तिथंच. बरोबर सुरात उचलणं तिला जमलं असतं; पण मग तो चुकला हे सगळ्यांना कळलं असतं. ती त्याच्याबरोबर घसरली, त्याच्याबरोबर सावरली, आणि दुसऱ्या आवर्तनाला दोघांचा मिळून एक सूर झाला, कुठल्याच पेटीत नसलेला. पोरांचे ओठ सुटले. स्वप्नालीनं हळूच शेजारच्या पोराचा फोन काढून घेऊन पर्समध्ये टाकला.

वर्ग संपल्यावर रिक्षाला वेळ होता. चर्चच्या आवारात लिंबाखाली सिमेंटचा बाक होता, त्यावर दोघं बसली. उन्हं कलती झाली होती. जगदेवी पदरानं घाम पुसत होती. तिला जे विचारायचं होतं ते इतक्या वर्षांत तिनं कधी सरळ त्याला विचारलं नव्हतं. मध्ये नेहमी कुणीतरी होतं. आणि आता मध्ये कुणीच नसल्यासारखं, लहान पोरीसारखं तिला भ्यावंसं वाटलं.

"प्रार्थनेला मशीन काहून काढून ठेवता?" ती म्हणाली.

शांतवननं तिच्याकडं पाहिलं, मग बोटानं कानातलं मशीन चाचपलं, जसं काही चोरी तिथंच सापडणार होती. "कदी बघितलंस?"

"बघितलं. कवापासून?"

"एक महिना झाला आसंल. तू नांदेडची माती मागितलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

म्हणजे ते त्यानं ऐकलं होतं. जगदेवीच्या अंगातून काहीतरी सैल होऊन खाली गेलं, आणि त्याच्याच मागोमाग दुसरं काहीतरी वर चढलं. "ऐकलं अन् मशीन काढलं? इतकं वंगाळ बोलले का मी?"

"न्हाई गं." तो लिंबाकडं बघत होता. "हे बघ जगदे. तू देवाला मागायचीस अन् मी पाना-पकड घेऊन उठायचो. फळी म्हन, नळ म्हन, दयानंदच्या शाळेचं म्हन. मला वाटायचं, देवानं मला तुझ्याशेजारी बसवलंय ते ह्याच्याचसाठी. त्याला दुसरी हजार कामं. इथलं शांतवन बघंल. तू त्याचे आभार मानायचीस तवा मला लई बरं वाटायचं. आपलं काम त्याच्या नावावर जमा होतंय म्हून." तो थांबला. "आता हात थरथरतेत. दिवा बदलायला ऋतुजाला सांगावं लागतंय. अन् तू माती मागितलीस. ती काय माझ्या हातात हाय? मी आदी गेलो तर? कोण न्हेणार तुला नांदेडला? रातभर तेच. मग म्हटलं, ह्याच्या पुढं हे आपण ऐकायचं न्हाई. ज्याला मागून राहिली त्यानंच ऐकावं. मला झेपत न्हाई."

लिंबाची पिकली लिंबोळी बाकावर पडली. नांदेडच्या घरातली ती फळी जगदेवीला दिसत होती. एका बाजूनं जरा उतरती, कारण भिंतच तशी होती. त्या फळीसाठी तिनं देवाचे किती आभार मानले होते, आणि शेजारी एक माणूस सुताराच्या घरून उसना आणलेला रंधा परत द्यायचा विचार करत डोळे मिटून बसला होता. तिला माहीत नव्हतं असंही नाही. माहीत होतं. पण देव आणि हा, यांच्यातली रेघ तिच्या मनात कधी नीट ओढलेलीच नव्हती.

"मग आमेन काहून म्हणत होता? न ऐकता?"

"तुझ्या प्रार्थनेला आमेन म्हणायला ऐकायची काय गरज हाय? तुझ्यावर भरोसा हाय माझा."

"परवा मी तुमाला शिंगं मागितली."

"मला?"

"दोन. म्हशीची. तुमी होय प्रभू म्हणालात."

शांतवननं आपसूक डोक्यावरून हात फिरवला. आणि मग दोघंही अशी हसली की आवार झाडणारी बाई झाडू थांबवून बघत राहिली. हसू ओसरल्यावर जगदेवीनं त्याचा थरथरता हात बाकावरच आपल्या हाताखाली घेतला. चर्चच्या आवारात तिनं असं कधी केलं नव्हतं.

"माती कुठं ते मी दयानंदला सांगन," ती म्हणाली. "आजच सांगते, जेवताना. मला तोंड हाय. हे देवाला सांगून तुमच्यावर टाकायचं न्हवतंच. पोराला सांगायचं होतं. आपली चूक ही, की जे सांगायचं ते सगळं प्रार्थनेत सांगत ऱ्हायलो."

"अन् बाकीचं? उद्या परवा आणखी काही मागशील ते? मला करता येणार न्हाई."

"करा कोण म्हणतंय? तुमी नुसतं ऐकायचं. त्या लेकराच्या वेळी तुमी काय केलं होतं? काय करण्यासारखं होतं? नुसतं ऐकलंत अन् आमेन म्हणालात. त्याच्यावर मी ऱ्हायले. फळीवर न्हाई ऱ्हायले."

तो खाली बघत म्हणाला, "फळी एवढी कामाची न्हवती हे आता सांगून राहिलीस? दोन रविवार गेले होते माझे."

"अन् आणखी एक सांगते," जगदेवी म्हणाली. जीभ आता मोकळी सुटली होती. "इतक्या वर्षांत तुमी सोतासाठी काय मागितलंत? काही न्हाई. तुमची प्रार्थना म्हणजे मंडळीची हजेरी. आजारी, विधवा, प्रवासातले, देश चालवणारे. मी रोज कान देऊन बसायचे, आज तरी हा माणूस काही बोलंल. मला काही ऐकायला मिळालंच न्हाई. माझं तरी शेजारी बसणं कशासाठी?"

रिक्षा आली. वाटेत गंजगोलाईकडच्या गर्दीत रिक्षा अडकली, सुटली. शांतवन बाहेर बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तो भाव होता जो पूर्वी आख्यान लावायच्या आधी यायचा, शब्द जवळ आलेले असताना पण अजून दिसत नसताना.

घरी आल्यावर चहा झाला. ऋतुजाचा आज सुट्टीचा दिवस होता. ती आतल्या खोलीत कपाट आवरत होती. दिवेलागणीला दोघं दिवाणावर बसली. टीपॉयवर रुमाल होता, पण शांतवननं त्याच्याकडं पाहिलं नाही. जगदेवीनं आधी प्रार्थना केली, थोडक्यात, कारण तिच्याजवळ आज मागण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. तिनं फळीबद्दल आभार मानले. आणि नळाबद्दल. "अन् ज्यानं ते केलं त्याच्याबद्दल, प्रभू," असं म्हणून ती थांबली. मग शांतवननं सुरुवात केली. सवयीनं तो हजेरीवर गेला: पाळकसाहेब, त्यांचं तान्हं बाळ, आज आलेली पोरंपोरी, ती स्वप्नाली आणि तिचा तो नाव विसरलेला होणारा नवरा. मग आवाज खाली आला. जमिनीवर हात फिरवल्यासारखा.

"प्रभू," तो म्हणाला, "एक माझं बी हाय. लहान हाय. सांगायला लाज वाटून राहिली." तो घुटमळला. "माझ्या पायाची नखं लई वाढलीत. मला वाकता येत न्हाई. मोजा घालताना लागतंय. पोराला कसं सांगावं, सुनेला तर कसंच न्हाई. तू... तू बघ काहीतरी."

जगदेवीनं डोळे उघडले. या खेपेला मुद्दाम उघडले. ती उठली तसा दिवाण हलला, आणि त्याची प्रार्थना क्षणभर अडखळली, जसं काही आमेनची जागा आली की काय. न्हाणीघरातून तिनं कोमट पाणी आणलं, लहान टबात. ऋतुजाच्या कपाटातून नखं कापायचं यंत्र मागून घेतलं. ऋतुजानं काही न विचारता दिलं आणि दाराशी उभी राहिली. जगदेवी गुडघे सांभाळत, दिवाणाचा आधार घेत, खाली फरशीवर बसली आणि त्याचं पाऊल उचलून पाण्यात ठेवलं. पाऊल दचकलं. शांतवननं बोलणं थांबवलं. त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते, पण जोडलेले हात सुटू पाहत होते, तिला वर उठवायला, नको म्हणायला.

तिनं मान वर न करता त्याचा अंगठा बोटांत धरला.

"थांबू नका," ती म्हणाली. "मी ऐकून राहिले."